एससीएच-२३३९० : डोपामिन डी१ रिसेप्टरवरचा प्रयोग नीट कसा उभा करावा

चेताविज्ञानाच्या किंवा औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती कधी तरी एक लहानशी कुपी येते. तिच्या तळाशी पाच-दहा मिलिग्रॅम पांढरी पूड असते आणि चिठ्ठीवर ‘एससीएच-२३३९०, डी१ रिसेप्टरचा निवडक विरोधक, केवळ संशोधनासाठी’ असे लिहिलेले असते. विरोधक म्हणजे रिसेप्टरला चिकटून त्याचे काम अडवणारे रसायन. या चिठ्ठीतला ‘निवडक’ हा शब्द खरा आहे, पण अपुरा आहे. कोणतेही रसायन आपल्या जागी बसून निवडक नसते. ते एखाद्या ठरावीक संहतीला, ठरावीक ऊतीत आणि ठरावीक परिस्थितीतच निवडक ठरते. हे ध्यानात ठेवून वजन करण्यापासून आकडेमोडीपर्यंत काय करावे आणि काय टाळावे, ते पुढे मांडले आहे. मी उदाहरणासाठी हेच एक संयुग घेतले आहे, कारण ते चाळीस वर्षे वापरात आहे आणि त्याचे गुण व दोष दोन्ही चांगले तपासले गेले आहेत.

हे रसायन नेमके काय आहे

डोपामिन हा मेंदूतला चेतापारेषक पेशीच्या पृष्ठभागावरच्या ज्या ग्राहींना, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत रिसेप्टरांना, चिकटतो, ते सगळे एकाच जातीचे नाहीत, हे १९७९ मध्ये केबेबियन आणि काल्न यांनी मांडले. त्यांनी अ‍ॅडेनिलेट सायक्लेज या विकराला चालना देणाऱ्या रिसेप्टरला डी१ म्हटले आणि तशी चालना न देणाऱ्याला डी२. पण त्या वेळी हाताशी असलेले बहुतेक डोपामिनविरोधक एक तर डी२ला चिकटत किंवा दोघांनाही, त्यामुळे डी१चे काम वेगळे काढून पाहता येत नव्हते. शेरिंग-प्लाउ या कंपनीच्या संशोधकांनी १९८३ मध्ये एससीएच-२३३९०चे वर्णन प्रसिद्ध केले आणि ही अडचण दूर झाली. हे बेन्झअ‍ॅझेपिन कुळातले संयुग आहे. त्याच्या सात सदस्यांच्या वलयात एक नायट्रोजन अणू आहे आणि त्या नायट्रोजनवर एक मिथिल गट आहे. शेजारच्या बेन्झीन वलयावर एक क्लोरीन व एक हायड्रॉक्सिल गट आहे. त्याची दोन प्रतिबिंबरूपे असतात. त्यांतले ‘आर’ रूप म्हणजेच एससीएच-२३३९०. ‘एस’ रूपाला एससीएच-२३३८८ म्हणतात आणि ते डी१ला फारच कमी चिकटते. या दुसऱ्या रूपाचे नाव आत्ताच लक्षात ठेवावे, कारण नियंत्रण प्रयोगात त्याचा मोठा उपयोग होतो.

डी१चे जनुक १९९० मध्ये वेगळे काढले गेले आणि त्याचे जवळचे भावंड असलेल्या डी५चे १९९१ मध्ये. त्यानंतर दिसून आले की एससीएच-२३३९० या दोघांत जवळजवळ काहीच भेद करत नाही. त्याचा बंधनस्थिरांक (हा जितका लहान, तितके संयुग घट्ट चिकटते) डी१साठी ०.२ नॅनोमोलरच्या आसपास आहे, तर डी५साठी ०.३च्या आसपास. म्हणून चिठ्ठीवर ‘डी१’ असले, तरी शोधनिबंधात ‘डी१-सदृश रिसेप्टर’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते. स्ट्रायटम या मेंदूच्या आतल्या, हालचालीशी निगडित भागात डी१ची दाटी इतकी मोठी असते की तिथे फरक पडत नाही, पण हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात काम करताना डी५ विसरून चालत नाही.

‘केवळ संशोधनासाठी’ या शब्दांचा अर्थ सरळ आहे. हे औषध नव्हे, आणि ते माणसाच्या पोटात किंवा शिरेत जाण्यासाठी बनवलेले नाही. ज्या शुद्धतेची, निर्जंतुकतेची आणि विषारीपणाची तपासणी औषधाला करावी लागते, ती या कुपीची झालेली नसते. कार्बन-११ने अंकित केलेले हेच संयुग माणसांच्या मेंदूतले डी१ मोजण्यासाठी स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत १९८०च्या दशकातच वापरले गेले हे खरे, पण ते नीतिसमितीच्या परवानगीने, त्याच कामासाठी तयार केलेले आणि अत्यल्प मात्रेचे द्रव्य होते. प्रयोगशाळेच्या कपाटातल्या कुपीशी त्याचा संबंध जोडू नये.

वजन आणि साठ्याचे द्रावण

पहिली चूक इथेच होते, आणि ती पुढच्या प्रत्येक आकड्यात उतरते. एससीएच-२३३९० बहुधा हायड्रोक्लोराइड क्षाराच्या रूपात विकले जाते आणि त्या क्षाराचे रेणुभार ३२४.२ आहे. क्षार नसलेल्या मूळ रूपाचा रेणुभार २८७.८ आहे. अनेक तक्त्यांत आणि विश्वकोशीय नोंदींत हा दुसरा आकडा दिलेला असतो. समजा, पाच मिलिग्रॅम क्षारापासून १० मिलिमोलर द्रावण करायचे आहे. पाच मिलिग्रॅम म्हणजे १५.४ मायक्रोमोल, म्हणून १.५४ मिलिलिटर द्रावक घालावे लागते. चुकून मूळ रूपाचा रेणुभार धरला, तर १.७४ मिलिलिटर घातले जाते आणि द्रावण १० ऐवजी ८.९ मिलिमोलर होते. संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी हीच चूक केली होती आणि दोन महिन्यांनी, दुसऱ्या कुपीतून केलेल्या द्रावणाशी आकडे जुळेनात तेव्हा, ती उघडकीस आली. तेव्हापासून कुपीवरचा रेणुभार, तो क्षाराचा की मूळ रूपाचा, आणि बॅच क्रमांक या तीन गोष्टी वहीत लिहिल्याशिवाय मी तराजूजवळ जात नाही. पुडीत स्फटिकजल आहे का, हेही त्या बॅचच्या विश्लेषण-पत्रात पाहावे.

पाच मिलिग्रॅमची कुपी असेल, तर त्यातून एक मिलिग्रॅम काढून तोलण्याचा आग्रह धरू नये. एवढ्या लहान वजनात साध्या तराजूची चूक फार मोठी असते. पूर्ण कुपीत हिशोबाने द्रावक घालून सगळे विरघळवणे अधिक बिनचूक ठरते. उघडण्यापूर्वी कुपी काही सेकंद सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पूड तळाशी आणावी, आणि फ्रीजरमधून काढलेली कुपी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, नाही तर हवेतली वाफ आत थंड होऊन पुडीवर बसते.

हा क्षार पाण्यात विरघळतो आणि डीएमएसओत (डायमिथिल सल्फॉक्साइड या द्रावकात) त्याहून सहज विरघळतो. बंधनप्रयोगासाठी दोन्ही चालतात, परंतु मेंदूच्या कापांवर किंवा जिवंत प्राण्यावर काम करायचे असेल तर पाणी किंवा सलाइन बरे, कारण डीएमएसओचे स्वतःचे परिणाम असतात आणि मग प्रत्येक नियंत्रणात तेवढाच डीएमएसओ घालावा लागतो. द्रावण २० ते ५० मायक्रोलिटरच्या लहान वाट्यांत विभागून, प्रकाशापासून दूर, उणे २० अंशांवर ठेवावे. रेणूतला फिनॉलिक हायड्रॉक्सिल गट ऑक्सिडीकरणाला बळी पडू शकतो, म्हणून एकदा वितळवलेली वाटी पुन्हा गोठवू नये. नॅनोमोलर संहतीची पातळ द्रावणे तर त्याच दिवशी करावीत आणि त्याच दिवशी संपवावीत. इतक्या पातळ द्रावणातले रेणू नळीच्या भिंतीला चिकटून बसतात, आणि सकाळी एक नॅनोमोलर असलेले द्रावण संध्याकाळी किती उरले आहे हे सांगता येत नाही.

बंधनप्रयोगाची तयारी

एखादे संयुग रिसेप्टरला किती घट्ट चिकटते, आणि ऊतीत असे रिसेप्टर किती आहेत, हे मोजण्याची जुनी आणि अजूनही सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे किरणोत्सारी लिगंडचा, म्हणजे रिसेप्टरला चिकटणाऱ्या किरणोत्सारी रेणूचा, बंधनप्रयोग. एससीएच-२३३९०च्या मिथिल गटातल्या हायड्रोजनच्या जागी ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचेच किरणोत्सारी समस्थानिक, घालून केलेले लिगंड १९८०च्या दशकाच्या मध्यापासून वापरात आहे. तीन ट्रिटियम अणू बसल्यामुळे त्याची विशिष्ट क्रियाशीलता ८० क्युरी प्रति मिलिमोलच्या आसपास मिळते. ट्रिटियमचा एकच अणू असता तर २९च्या वर जाता आले नसते.

भारतात हे काम सुरू करण्यापूर्वी दोन परवानग्या हव्यातच. किरणोत्सारी द्रव्य मागवण्यासाठी आणि हाताळण्यासाठी संस्थेकडे मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आणि नेमलेला किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी असावा लागतो, आणि प्राण्यांच्या ऊतीसाठी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी लागते. या कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून प्रयोगाची आखणी करतानाच अर्ज करावेत. ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे आहे. त्याचे बीटा कण इतके दुबळे असतात की हवेत काही मिलिमीटरांतच थांबतात आणि त्वचेचा मृत थरही ओलांडत नाहीत. याच कारणाने गायगर काउंटरला ते दिसत नाहीत. काउंटर शांत आहे म्हणून टेबल स्वच्छ आहे, असे मुळीच समजू नये. ओल्या फिल्टर कागदाने टेबल, पिपेट आणि दाराची मूठ पुसून तो कागद सिंटिलेशन काउंटरमध्ये (किरणोत्सारामुळे विशेष द्रवात उमटणाऱ्या प्रकाशाच्या ठिणग्या मोजणाऱ्या यंत्रात) मोजणे, हीच ट्रिटियम शोधण्याची खरी रीत आहे. धोका आहे तो द्रव्य पोटात किंवा श्वासात जाण्याचा, म्हणून हातमोजे वारंवार बदलावेत आणि त्या खोलीत खाण्यापिण्याचे काहीही नेऊ नये.

ऊतीची तयारी तशी सोपी आहे, पण घाई सहन करत नाही. रॅटच्या मेंदूतला स्ट्रायटम बर्फावर वेगळा काढावा, ५० मिलिमोलर ट्रिस बफरमध्ये एकजीव करावा आणि सुमारे ४०,००० जी वेगाला २० मिनिटे फिरवावा. वरचे पाणी टाकून तळाचा गाळ नव्या बफरमध्ये पुन्हा एकजीव करून पुन्हा फिरवावा. ही दुसरी धुलाई टाळण्याचा मोह होतो, तो आवरावा. स्ट्रायटममध्ये ऊतीचे स्वतःचे डोपामिन भरपूर असते, आणि ते धुऊन गेले नाही तर ते आपल्या लिगंडशी स्पर्धा करते व अफिनिटी, म्हणजे लिगंडची चिकटण्याची ओढ, खोटीच कमी दिसते. शेवटी उरलेला हा गाळ म्हणजे रिसेप्टर धारण करणारे पेशींचे मेम्ब्रेन; ते उणे ८० अंशांवर ठेवता येते. प्रथिन मोजताना प्रमाण द्रावणही त्याच बफरमध्ये करावे.

ट्रिस बफरबद्दल एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. त्याचा सामू तापमानाबरोबर बदलतो, दर अंशाला साधारण ०.०२८ इतका. म्हणजे २५ अंशांवर ७.४ ठेवलेला बफर शीतकपाटात ४ अंशांवर ८.०च्या जवळ जातो. ज्या तापमानाला प्रयोग होणार, त्याच तापमानाला सामू जुळवावा. या बफरमध्ये १२० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, ५ पोटॅशियम क्लोराइड, २ कॅल्शियम क्लोराइड आणि १ मॅग्नेशियम क्लोराइड घालण्याची प्रथा आहे.

किती ऊती, किती आकारमान

हा भाग नीट समजला तर उरलेला प्रयोग बराचसा आपोआप जमतो. ८० क्युरी प्रति मिलिमोल क्रियाशीलतेच्या लिगंडचा एक फेम्टोमोल म्हणजे मिनिटाला १७७.६ विघटने. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहावा; आपल्या बॅचची क्रियाशीलता वेगळी असेल तर त्या प्रमाणात बदलावा, आणि क्षयामुळे दर वर्षी साधारण साडेपाच टक्के कमी करावा.

समजा, प्रत्येक नळीत ५० मायक्रोग्रॅम प्रथिन आहे आणि ऊतीत दर मिलिग्रॅम प्रथिनामागे १,००० फेम्टोमोल रिसेप्टर आहेत. म्हणजे नळीत ५० फेम्टोमोल रिसेप्टर झाले. लिगंडचा विघटन-स्थिरांक, ज्याला आपण केडी म्हणतो, ०.५ नॅनोमोलर धरू आणि तेवढेच लिगंड घालू. तेव्हा निम्मे रिसेप्टर, म्हणजे २५ फेम्टोमोल, भरतील. आता नळीचे आकारमान पाव मिलिलिटर असेल, तर त्यात एकूण लिगंड आहे १२५ फेम्टोमोल, आणि त्यातले २५ रिसेप्टरांनी उचलले म्हणजे पाचवा हिस्सा नाहीसा झाला. उरलेली मुक्त संहती आपण घातलेल्या संहतीइतकी राहिलीच नाही, आणि आपण मात्र आलेखावर घातलेलीच संहती मांडत राहतो. याउलट आकारमान एक मिलिलिटर ठेवले तर एकूण लिगंड ५०० फेम्टोमोल होते आणि त्यातले पाच टक्केच उचलले जाते. दहा टक्क्यांच्या आत राहावे असा नियम आहे. ऊती वाढवली की मोजणीचे आकडे मोठे येतात आणि मन सुखावते, पण तेच आकडे केडीला खोटे पाडतात. खर्च वाचवण्यासाठी लहान खणांच्या ताटलीत प्रयोग करणाऱ्यांनी हा हिशोब अधिकच काळजीने करावा, कारण तिथे आकारमान कमी आणि ऊती तेवढीच असते.

प्रत्यक्ष प्रयोग

केडीच्या दशांशापासून दहापटीपर्यंत, म्हणजे इथे ०.०५ ते ५ नॅनोमोलरपर्यंत, आठ संहती घ्याव्यात, आणि प्रत्येकीच्या तीन नळ्या एकूण बंधनासाठी व तीन अविशिष्ट बंधनासाठी ठेवाव्यात. अविशिष्ट म्हणजे रिसेप्टर सोडून फिल्टरला, चरबीला, प्लॅस्टिकला चिकटलेले लिगंड. ते मोजण्यासाठी दुसऱ्या एखाद्या विरोधकाची मोठी संहती घालून रिसेप्टर पूर्ण अडवतात. यासाठी किरणोत्सारी नसलेले एससीएच-२३३९०च वापरू नये, कारण एकाच रेणूची दोन रूपे रिसेप्टर नसलेल्या जागांवरही एकमेकांना हटवतात आणि ते सारे ‘विशिष्ट’ बंधन भासते. रचनेने वेगळे असलेले सिस-फ्लुपेंटिक्सॉल किंवा धन-ब्युटाक्लॅमॉल एक मायक्रोमोलरला घ्यावे. ब्युटाक्लॅमॉलचा जादा फायदा असा, की त्याचे ऋण रूप निष्क्रिय असल्याने तेही एका नळीत घालून पाहता येते. त्याने बंधन कमी झाले तर कुठे तरी गडबड आहे.

सर्व नळ्यांत, एकूण आणि अविशिष्ट दोन्हींत, ३० ते ५० नॅनोमोलर केटॅन्सेरिन घालावे. एससीएच-२३३९० सेरोटोनिनच्या ५-एचटी२ गटाच्या रिसेप्टरांनाही चिकटते, आणि केटॅन्सेरिन त्यांतल्या मुख्य जागा व्यापून टाकते. स्ट्रायटममध्ये डी१ इतके दाट असतात की हे न करताही आकडा फारसा बदलत नाही. मेंदूच्या बाह्यकात मात्र डी१ विरळ आणि याच सेरोटोनिन गटातला ५-एचटी२ए भरपूर, त्यामुळे तिथे केटॅन्सेरिन वगळले तर दुसऱ्याच रिसेप्टरची मोजदाद डी१च्या नावावर जमा होते. वर सांगितलेल्या कार्बन-११च्या संयुगाने केलेल्या पीईटी स्कॅनमध्ये बाह्यकातला संकेत वाचतानाही संशोधकांना याच अडचणीला तोंड द्यावे लागले. त्याच रसायनाची निवडकता मेंदूच्या एका भागात चांगली आणि दोन सेंटिमीटर पलीकडे वाईट असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

इन्क्युबेशन किती वेळ करावे, याचे उत्तर दुसऱ्याच्या शोधनिबंधातून उचलू नये. सर्वांत कमी संहतीला समतोल सर्वांत उशिरा येतो, म्हणून त्याच संहतीला दहा, वीस, चाळीस, साठ, नव्वद मिनिटांनी बंधन मोजावे आणि जिथून ते वाढायचे थांबते त्याच्या पुढची वेळ ठरवावी. उच्च संहतीवर वेळ ठरवली, तर कमी संहतीचे बिंदू अर्धवट राहतात.

गाळण्याच्या वेळी घड्याळ फार महत्त्वाचे असते. काचतंतूंचे जीएफ/बी फिल्टर आधी अर्धा टक्का पॉलिएथिलीनइमिनमध्ये भिजवून ठेवावेत, म्हणजे त्यांना चिकटणारे अविशिष्ट लिगंड कमी होते. नळीतले द्रावण निर्वातात ओढून घेतले की बर्फासारख्या थंड बफरने तीनदा धुवावे. मुक्त लिगंड संपल्याबरोबर बांधलेले सुटू लागते. जोडणीचा वेग साधारण मानला जातो तितका धरला, तर ०.५ नॅनोमोलर केडीच्या लिगंडचे दहा टक्के सुटायला तीन-साडेतीन मिनिटे लागतात, आणि थंडीत त्याहून जास्त. म्हणजे पंधरा-वीस सेकंदांत धुणे आटोपले तर काळजीचे कारण नाही. मात्र हेच यंत्र आणि हीच सवय घेऊन १० नॅनोमोलरच्या लिगंडवर गेलात, तर तेवढेच सुटायला दहा सेकंदही पुरतात.

फिल्टर सिंटिलेशन द्रवात रात्रभर भिजू द्यावेत, कारण ट्रिटियमचा दुबळा कण काचतंतूंतच अडकतो. प्रत्येक संहतीच्या लिगंडचा थोडा नमुना थेट द्रवात टाकून मोजावा. खऱ्या अर्थाने किती लिगंड घातले गेले ते त्यावरूनच कळते, पिपेटवरच्या आकड्यावरून नव्हे. मोजणीतली सांख्यिकी चूक आकड्याच्या वर्गमुळाइतकी असते, म्हणून हजार मोजण्यांत ती तीन टक्क्यांवर आणि दहा हजारांत एक टक्का. लहान आकड्यांच्या नळ्यांना काउंटरमध्ये जास्त मिनिटे द्यावीत.

आकडेमोड

वरच्याच उदाहरणात विशिष्ट बंधन (एकूण वजा अविशिष्ट) मिनिटाला १,७८० मोजण्या आले आणि काउंटरची कार्यक्षमता ४० टक्के असेल, तर विघटने झाली ४,४५०. त्यांना १७७.६ने भागले की २५ फेम्टोमोल, आणि ०.०५ मिलिग्रॅम प्रथिनाने भागले की दर मिलिग्रॅमला ५०० फेम्टोमोल. असे सर्व बिंदू मुक्त संहतीविरुद्ध मांडून अरेषीय समाश्रयणाने वक्र बसवावा. जुन्या निबंधांत आणि आपल्याकडच्या अनेक अभ्यासक्रमांत अजून स्कॅचर्डची सरळ रेषा शिकवतात. ती १९४९ सालची युक्ती संगणक नसलेल्या काळात मोलाची होती. तिच्यात बांधलेल्या लिगंडचा आकडा दोन्ही अक्षांवर येतो आणि चूक वेडीवाकडी पसरते, म्हणून ती डोळ्यांना दाखवण्यापुरती काढावी, तिच्यावरून केडी काढू नये.

दुसऱ्या एखाद्या संयुगाची अफिनिटी मोजायची असेल, तर लिगंड एकाच संहतीला ठेवून त्या संयुगाची संहती वाढवत जातात आणि निम्मे बंधन जिथे उरते तो आकडा घेतात. तो आकडा अफिनिटी नव्हे. चेंग आणि प्रुसॉफ यांच्या १९७३च्या सूत्राने त्याला एक अधिक लिगंड-संहती भागिले केडी या संख्येने भागावे लागते. निम्मे बंधन ६० नॅनोमोलरला उरले आणि लिगंड केडीइतकेच होते, तर खरा स्थिरांक ३०. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत अशी तक्रार येते तेव्हा, पहिल्यांदा हे सूत्र लावले होते का, ते विचारावे. स्पर्धक म्हणून डोपामिनच वापरत असाल, तर ते प्रयोगाच्या तासाभरात ऑक्सिडाइज होऊ नये म्हणून ताज्या द्रावणात थोडे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घालावे.

जिवंत ऊतीवर वापरताना

बंधनप्रयोग करणारे थोडे असतात. बहुतेक जण एससीएच-२३३९० मेंदूच्या कापांवर किंवा प्राण्यांत ‘डी१ बंद करण्यासाठी’ वापरतात, आणि संहतीची बेपर्वाई सर्वांत जास्त तिथेच दिसते. अनेक निबंधांत १० मायक्रोमोलरपर्यंत संहती वापरलेली आढळते. ती कशाने योग्य ठरते, हे क्वचितच लिहिलेले असते.

साधा हिशोब करून पाहावा. डी१चा स्थिरांक ०.२ नॅनोमोलर धरला तर १ नॅनोमोलरला ८३ टक्के रिसेप्टर व्यापले जातात आणि १० नॅनोमोलरला ९८ टक्के. सेरोटोनिनच्या ५-एचटी२सी रिसेप्टरसाठी त्याचा स्थिरांक ९ नॅनोमोलरच्या जवळ आहे, आणि तिथे ते विरोधक नसून चालना देणारे आहे. १ नॅनोमोलरला या रिसेप्टरचे दहा टक्के व्यापले जातात, १० नॅनोमोलरला निम्म्याहून थोडे अधिक, आणि एक मायक्रोमोलरला ९९ टक्के. शिवाय ते जीआयआरके नावाच्या पोटॅशियम चॅनलांना थेट अडवते, आणि त्यासाठी २७० नॅनोमोलरच्या आसपासची संहती निम्मा प्रवाह थांबवायला पुरते. म्हणजे १० नॅनोमोलरवरून एक मायक्रोमोलरवर गेल्याने डी१च्या बाबतीत दोन टक्क्यांहून कमी मिळाले, आणि त्या बदल्यात एक रिसेप्टर पूर्ण चालू झाला व एक चॅनल बहुतांशी बंद झाले.

हा हिशोब शब्दशः घेऊ नये. ऊतीत डोपामिन असेल तर स्पर्धेमुळे विरोधकाची जास्त संहती लागते, आणि जाड कापाच्या मध्यापर्यंत रेणू पोचायला वेळ लागतो. पण त्यावर उपाय म्हणजे आंधळेपणाने हजारपट वाढवणे नव्हे. आपल्या ऊतीत, आपल्या डोपामिनच्या किंवा डी१ला चालना देणाऱ्या संयुगाच्या मात्रेविरुद्ध, १ नॅनोमोलरपासून सुरुवात करून मात्रा-परिणाम वक्र काढणे आणि ज्या सर्वांत लहान संहतीला परिणाम पूर्ण अडतो तिथे थांबणे, हा आहे. कापावर द्रावण सोडल्यानंतर वीस-तीस मिनिटे वाट पाहावी.

त्यानंतर नियंत्रणे. त्याच संहतीला एससीएच-२३३८८ने काहीच होऊ नये. एकोपिपाम, ज्याचे जुने नाव एससीएच-३९१६६, सेरोटोनिनच्या रिसेप्टरांना बरेच कमी चिकटते, म्हणून त्यानेही तोच परिणाम मिळाला तर निष्कर्षाला बळ येते. ५-एचटी२सीचा संशय असेल, तर आधी एसबी-२४२०८४ या त्याच्या निवडक विरोधकाने तो रिसेप्टर अडवून मगच एससीएच-२३३९० घालावे. या तिन्हींपैकी निदान दोन केल्याशिवाय ‘हा परिणाम डी१मार्फत होतो’ असे वाक्य लिहू नये, असे माझे मत आहे, आणि परीक्षक म्हणून मी तेच मागतो.

जिवंत रॅटमध्ये त्याच्या मात्रा सहसा दर किलोग्रॅमला ०.०१ ते ०.१ मिलिग्रॅम असतात. रक्तातले अर्धायुष्य जेमतेम अर्ध्या तासाचे आहे, म्हणून इंजेक्शन आणि चाचणी यांतले अंतर प्रत्येक प्राण्यासाठी तेच ठेवावे; तासाभराची चाचणी असेल तर सुरुवातीचा आणि शेवटचा भाग एकाच अडवणुकीखाली झाला असे मानू नये. डी१ अडवल्याने हालचाल मंदावते आणि मात्रा वाढली की प्राणी ताठ होऊन एका जागी बसतो. असा प्राणी चक्रव्यूहात योग्य वळणावर गेला नाही, म्हणून तो विसरला, असे म्हणता येत नाही. स्मृतीच्या प्रत्येक प्रयोगाबरोबर मोकळ्या पेटीतली हालचाल मोजून ठेवावी.

कचरा आणि नोंदी

किरणोत्सारी फिल्टर, नळ्या आणि सिंटिलेशन द्रव वेगळ्या, खुणेच्या डब्यांत, तारीख व अंदाजे क्रियाशीलतेसह सुरक्षा अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यावेत. किरणोत्सारी नसलेल्या उरलेल्या द्रावणाचाही नळाखाली निचरा करू नये. ते रासायनिक कचऱ्याच्या बाटलीत जमा करावे.

निबंधाच्या पद्धती-विभागात क्षाराचे रूप, बॅच, द्रावक, अंतिम संहती, ऊतीचे प्रमाण, आकारमान, तापमान, वेळ, अविशिष्ट बंधनासाठी वापरलेले संयुग आणि केटॅन्सेरिनची संहती हे सगळे द्यावे. इतके लिहायला चार ओळी पुरतात, आणि दुसऱ्या शहरातल्या विद्यार्थ्याला तोच प्रयोग पुन्हा करून पाहण्यासाठी त्या चार ओळीच लागतात.